बर्फवाल्या बाई आणि एक पाळी पाणी

दक्षिण ध्रुवाकडे मी तीनदा जाऊन आले आहे. त्याचं वर्णन लिहावं असं मला कधी वाटलं नाही, कारण जहाजावर बराचसा वेळ मी उलट्या करत होते आणि उरलेल्या वेळात बर्फाला भोकं पाडत होते. बीड जिल्ह्यात मी जेमतेम चार दिवस होते. तिथे उलट्या झाल्या नाहीत, पण शास्त्रज्ञ म्हणून माझी जी काही ऐट होती ती तिथेच उतरली. दुष्काळाच्या साली मराठवाड्यात जायची वेळ ज्यांच्यावर आलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी मूळची रत्नागिरीची. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की कपडे वाळत नाहीत, पापड मऊ पडतात आणि माणसं देवाला ‘आता पुरे’ म्हणतात. पाणी कुठून तरी आणावं लागतं हे मला शाळेच्या पुस्तकातून कळलं. पुढे नोकरी लागली तीही पाण्याचीच, म्हणजे गोठलेल्या पाण्याची. ध्रुवांजवळ समुद्र हिवाळ्यात वरून गोठतो, त्या बर्फाचा मी अभ्यास करते. तो किती जाड झाला, किती दूर पसरला, उन्हाळ्यात किती वितळला, आणि जगाची हवा तापत चालली आहे तसं त्याचं काय होतंय, हे मोजत बसायचं. अशा बाईला दुष्काळावर बोलायला बोलावणं म्हणजे स्वयंपाकावर बोलायला दंतवैद्य बोलावण्यासारखं आहे. पण बीडच्या एका महाविद्यालयाने बोलावलं आणि मी गेले.

व्याख्यान बरं झालं असावं, कारण मागच्या रांगेतले लोकसुद्धा शेवटपर्यंत बसले होते. पंखे फक्त त्याच सभागृहात चालू होते हे मला नंतर समजलं. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात माझा फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत ‘ध्रुवावरच्या बर्फावरून ओळखतात पाऊस’ असं छापून आलं. मी असं काही म्हटलं नव्हतं. समुद्रावरचा बर्फ आणि आपला मोसमी पाऊस यांचा दूरचा संबंध दिसतो, तो अजून नीट उलगडलेला नाही, एवढंच म्हटलं होतं. तरी मी त्या पेपराच्या दोन प्रती विकत घेतल्या, हे कबूल केलं पाहिजे.

पाली

त्याच सकाळी प्राध्यापक मंडळी मला पालीला धरण दाखवायला घेऊन गेली. पाहुणा आला की त्याला बिंदुसरा नदीवरचं धरण दाखवायचं ही त्यांची रीत, आणि पाणी नाही म्हणून रीत मोडायला मंडळी तयार नव्हती. आम्ही भिंतीवर उभे राहिलो. एरवी पाणी कुठपर्यंत असतं ते त्यांनी हाताने दाखवलं, मी हाताच्या दिशेने पाहिलं. तिथे एक टेम्पो धरणाच्या पोटातून धूळ उडवत चालला होता. तळाच्या गाळाला मोठमोठ्या भेगा पडल्या होत्या. वितळायला लागलेला समुद्रावरचा बर्फ विमानातून अगदी असाच तुकड्यातुकड्यांचा दिसतो, असं मी उत्साहाने सांगितलं. त्यावर एकाने चहा घेऊ या म्हणून सुचवलं.

तिथेच मला घ्यायला जीप आली. तलवाड्याच्या पुढे एक गाव आहे, तिथल्या पाणी वापर संस्थेचे चेअरमन किसनराव माझ्या व्याख्यानाला आले होते. त्यांनी तिथल्या तिथे मला संस्थेच्या सभेचं आमंत्रण दिलं होतं. लोकांना बर्फाचं कळू द्या, असं ते म्हणाले होते. हवामानबदलाची जाणीव खेड्यापर्यंत पोचली या आनंदात मी पुढचं काही न विचारता होकार दिला होता.

तलवाड्याच्या वाटेवर

जीपमध्ये पुढे किसनराव बसले होते. पांढरेशुभ्र कपडे, टोपी, आणि आवाज माइकची गरज नसलेला. मागे माझ्या शेजारी शोभाताई होत्या. संस्थेच्या संचालक मंडळावरच्या त्या एकट्या बाई. नवरा तालुक्याला शाळेत शिक्षक, आणि गावातल्या बायकांच्या म्हशींचं दूध त्याच गोळा करून डेअरीला घालत. मी नमस्कार केला, त्यांनी जय भीम केला, आणि त्यानंतर त्यांचं आणि किसनरावांचं जे भांडण सुरू झालं ते तलवाड्यापर्यंत टिकलं.

भांडण असं होतं. गावाच्या तळ्यात आता थोडंच पाणी उरलं होतं. तळ्याचा दरवाजा उघडून कालव्याने पाण्याची एक पाळी सोडली, तर मोसंबीच्या बागा पावसापर्यंत जगणार होत्या. पण मग तळं रिकामं होणार होतं, आणि पाऊस लांबला तर माणसांना आणि जनावरांना प्यायला काही उरणार नव्हतं. बागा मोठ्या शेतकऱ्यांच्या, त्यातली एक किसनरावांची. म्हशी सगळ्यांच्या. एकदा बाग मेली की नवीन झाडाला फळ धरायला वर्षं लागतात, असं किसनरावांचं म्हणणं. म्हैस मेली की ती परत लावता येत न्हाई, असं शोभाताईंचं.

आमच्या कोकणात दोन घरांचं बांधावरून वाजलं की पुढची पिढीसुद्धा एकमेकांकडे बघत नाही. इथे दोघं एका जीपमध्ये, मधल्या टपरीवर एकाच बशीतून भजी खात भांडत होते, आणि भज्यांचे पैसे कोणी द्यायचे यावरून पुन्हा भांडले. मला हे इतकं आवडलं की दोघांचंही म्हणणं मला पटत गेलं. तसं मी दोघांना सांगितलंसुद्धा. त्यामुळे दोघं माझ्यावर सारखेच नाराज झाले.

गावच्या सभेत दाखवायला मला बर्फाची लादी हवी होती. पांढरा बर्फ ऊन परत फेकतो, तो वितळला की खालचं काळं पाणी ऊन पिऊन घेतं आणि समुद्र आणखी तापतो, हे मला प्रयोगाने दाखवायचं होतं. किसनरावांनी वाटेत गेवराईतून एक मोठी लादी पोत्यात भुसा घालून घेतली आणि जीपच्या मागे ठेवली. गावात उतरलो तेव्हा पोत्यात ओला भुसा तेवढा शिल्लक होता. ध्रुवावरच्या बर्फाचा ऱ्हास समजावायला आलेली बाई, तिचा स्वतःचा बर्फ गेवराई ते गाव एवढंही टिकला नाही. शोभाताईंनी ते पोतं खाली न टाकता घमेल्यात पिळलं आणि ते पाणी शेजारच्या वासराला पाजलं.

गावाच्या अलीकडे एक अख्खी बाग पांढरी दिसली. पानं, फांद्या, बुंधे, सगळं पांढरं. मला वाटलं झाडांवर कसला तरी रोग पडला आहे, आणि मी हळहळ व्यक्त केली. किसनराव म्हणाले, ती त्यांचीच बाग, आणि तो रोग नव्हे, पांढऱ्या मातीची फवारणी आहे. ऊन परतून जातं, पानं कमी सुकतात. म्हणजे मी ज्यासाठी एवढी लादी वाया घालवली, ते यांच्या बागेत आधीच उभं होतं. त्यांनी जीप थांबवली नाही. मात्र बाग संपेपर्यंत त्यांची मान तिकडेच होती.

बाजेखालचं घमेलं

किसनरावांच्या पत्नीला मी काकू म्हणू लागले. त्यांनी रात्री ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. आमच्याकडे आमटीत नारळ नसेल तर ती आमटी आजारी माणसाची समजतात. ही आमटी जेवल्यावर आमच्या नारळाबद्दल माझ्या मनात शंका उत्पन्न झाली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, आणि काकूंनी चौथी न विचारता वाढली.

सकाळी त्यांनी न्हाणीत पाणी ठेवलंय म्हणून सांगितलं. न्हाणीत एक बादली होती. एक बाजही होती, सुतळीने विणलेली, आणि तिच्याखाली मोठं घमेलं. बाज न्हाणीत कशाला, कोणी वाळवायला ठेवली असेल असं मला वाटलं. मी ती उचलून भिंतीला उभी केली, घमेलं कोपऱ्यात सरकवलं आणि फरशीवर बसून अंघोळ केली. एका बादलीत भागवलं म्हणून स्वतःवर खूशही झाले. ध्रुवावर आम्ही पाणी फार जपून वापरतो, हे मी बाहेर आल्यावर काकूंना ऐकवलं.

काकू न्हाणीत गेल्या, कोरडं घमेलं बघून परत आल्या आणि म्हणाल्या, ‘‘असू द्या, ताई.’’

मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या साली घरातला प्रत्येक जण बाजेवर बसून अंघोळ करत होता. साबण आधी लावायचा नाही. पहिलं पाणी सुतळीतून खाली घमेल्यात पडतं, त्यात भांडी निघतात, आणि भांड्यांचं पाणी म्हशीच्या अंगावर जातं. साबणाचं शेवटी, थोडंसं, आणि ते वेगळं. म्हणजे मी माझी अंघोळ, त्यांची भांडी आणि त्यांची म्हैस, तिघांचं पाणी एकदम मोरीत सोडलं होतं. मला तोंड लपवायला जागा हवी होती. त्या दिवशी त्यांनी सगळी भांडी राखेने घासून फडक्याने पुसली, आणि मी मदत करायला गेले तर मला बसून राहायला सांगितलं. माझ्यापासून भांडीसुद्धा सुरक्षित नाहीत, असं त्यांना वाटलं असावं.

पुसता पुसता त्यांनी विचारलं, ‘‘मंग दुपारी काय सांगनार तुमी?’’

मी बर्फाचं सांगणार, असं म्हटलं. काकूंनी फडकं खाली ठेवलं. पेपर वाचल्यापासून गावात काय ठरलं होतं, ते तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. पाळी सोडायची की नाही यावर महिनाभर एकमत होत नव्हतं. शेवटी दोन्ही बाजूंनी मान्य केलं होतं की बर्फावरून पाऊस ओळखणाऱ्या बाई येत आहेत, त्या काय सांगतात ते बघायचं. मिरगाआधी, म्हणजे जून लागायच्या सुमाराला पाऊस येतो म्हणाल्या तर पाळी सोडायची. नाही म्हणाल्या तर पाणी तळ्यात राहू द्यायचं.

त्या पेपराच्या दोन्ही प्रती मला आठवल्या. काकूंनी मला त्या बागेची गोष्ट सांगितली. बाग लावली तेव्हा विहिरीवर मोटर नव्हती, किसनराव संस्थेच्या निवडणुकीत फिरत होते आणि काकूंनी एकेका रोपाला डोक्यावरून पाणी आणून घातलं होतं. किसनराव तिला माझी बाग म्हणतात, त्या हसून म्हणाल्या. मग त्या हसायच्या थांबल्या.

‘‘लवकर येतो म्हना, ताई. येवढंच म्हना. तुमचं काय जातंय?’’

खरंच माझं काही जाणार नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी निघणार होते, आणि पाऊस यायचा की नाही ते माझ्या म्हणण्यावर अवलंबून नव्हतं. ज्या बाईचं पाणी मी सकाळीच मोरीत घालवलं होतं, तिला एक वाक्य द्यायला माझी जीभ अगदी तयार झाली होती. मी बघते, असं म्हटलं. नाही म्हणायचं धाडस नसलेला माणूस असंच म्हणतो.

पत्र्याखालची सभा

सभा संस्थेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. वीज नव्हती, म्हणजे माझे फोटो, आलेख, सगळं बंद. मग कोणीतरी सुचवलं की बाईंनी बर्फातला कोट आणलाय तो घालून दाखवावा. मी तो मुलांना दाखवायला म्हणून आणला होता. एप्रिलच्या दुपारी, पत्र्याखाली, मी ध्रुवावरचा जाड भगवा कोट घातला, त्याची टोपी ओढली आणि हातमोजे चढवले. त्यावर संस्थेच्या लोकांनी शाल पांघरली आणि हातमोज्यात नारळ दिला. टाळ्या झाल्या. घाम डोळ्यांत जाऊन माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. गावाची अवस्था बघून बाई रडल्या, अशी पुढे तालुक्यात बातमी झाली, आणि ती खोडून काढायचं मला सुचलं नाही.

कोट उतरवून मी जमेल तसं बर्फाचं सांगितलं. एका आजोबांचा पांढरा पटका आणि दुसऱ्यांची काळी छत्री उन्हात ठेवून दोन्हींना हात लावायला सांगितलं. लोकांनी हात लावला, माना हलवल्या. हे झाल्यावर किसनराव उठले. आता म्याडमनी पावसाचं सांगावं, असं म्हणाले, आणि शेड इतकी शांत झाली की बाहेर म्हैस रवंथ करत होती ते ऐकू येत होतं.

बायकांच्या बाजूला काकू बसल्या होत्या. त्या माझ्याकडेच बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघून बोलू शकले नाही, म्हणून पत्र्याकडे बघून बोलले. मला माहीत नाही, असं सांगितलं. बर्फ कमी झाला की जगभरची हवा बदलते हे खरं, पण त्यावरून या वर्षी या गावात पाऊस केव्हा पडेल, हे मला काय, कोणालाच सांगता येत नाही, असंही सांगितलं. पेपरात आलं ते बरोबर नव्हतं, हेही सांगितलं.

मागून एक आवाज आला, ‘‘मंग कावून आल्या?’’

कोणी हसलं नाही. मी कशाला आले, हे मीही स्वतःला विचारत होते. मी खाली बसणार तेवढ्यात शोभाताई उठल्या.

‘‘म्याडम, एक सांगा. तुमी तकडं बर्फात ऱ्हाता तवा अन्न-पानी कुठून येतं?’’

अन्न जहाजाने येतं, मी म्हटलं. उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ फुटतो तेव्हा जहाज आत येतं. पाणी आम्ही तिथेच बर्फ वितळवून करतो, पण त्याला तेल लागतं, आणि तेलही जहाजानेच येतं.

‘‘आन बर्फ न्हाई फुटला तर?’’

तर त्या वर्षी जहाज येत नाही. म्हणून तळावर नेहमी पुढच्या आख्ख्या हिवाळ्याचं अन्न आणि तेल जादा ठेवलेलं असतं. त्याला कोणी हात लावत नाही.

‘‘म्हंजी जहाज येनार का न्हाई ते तुमाला बी म्हाईत नसतंय.’’

नाही, मी म्हटलं. येणार नाही असंच धरून चालतो.

शोभाताई बसल्या. मतं घेतली तेव्हा हात वर झाले, मोजले, पुन्हा मोजले, आणि दोन्ही बाजूंचे सारखे भरले. अशा वेळी चेअरमनला एक निर्णायक मत असतं. सगळ्यांनी किसनरावांकडे बघितलं. मी तर मनातल्या मनात निकालही लावून टाकला होता. जीपमध्ये ऐकलेलं सगळं भांडण, ती पांढरी बाग, ते वळून बघणं. या माणसाने मला खास यासाठीच आणलं, हे आता उघड होतं, आणि मी किती भोळी, असं वाटून मला स्वतःचीच कीव आली.

किसनरावांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली.

‘‘पानी ऱ्हाऊ द्या तळ्यात,’’ ते म्हणाले, आणि पुढचा विषय घ्यायला सांगितला.

पुढचा विषय काय होता ते मला आठवत नाही. काकू उठून घराकडे गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी पाटावर बसवून माझी ओटी भरली. तांदूळ, खण, नारळ, सगळं रीतसर. माझ्या तोंडाकडे मात्र त्यांनी एकदाही पाहिलं नाही. गेवराईच्या स्टँडवर किसनराव मला सोडायला आले आणि मला उसाचा रस पाजला. त्यांच्याबद्दल मी मनात जे ठरवलं होतं त्याची मला लाज वाटत होती. ती सांगायचं धाडसही मला झालं नाही, म्हणून मी दुसरा ग्लास मागितला.

परत आल्यावर

त्या वर्षी मिरगाच्या बऱ्याच आधी पाऊस आला. मी टीव्हीवर बीडचं नाव ऐकलं. मोसंबी तोवर गेली असणार, हे मला समजत होतं. मी पाऊस येतो म्हटलं असतं तर ते खरं ठरलं असतं, बाग जगली असती, आणि मला पेपरात आणखी मोठा फोटो मिळाला असता. दोन दिवस मी फोन टाळला. मग शक्यता, अंदाज, अनिश्चितता अशा शब्दांचं एक भाषण तयार करून फोन लावला.

किसनरावांनी मला ते भाषण करू दिलं नाही. तळं भरतंय, म्हशी बऱ्या आहेत, असं त्यांनी आधी सांगितलं. बाग गेली, असं नंतर सांगितलं. मी काहीतरी पुटपुटले. ते म्हणाले, ‘‘तवा आपल्याला म्हाईत न्हवतं, म्याडम. म्हाईत नसताना जे करायचं ते केलं. आता पाऊस आला म्हनून ते चुकीचं झालं, असं कसं म्हनायचं?’’

इतकी वर्षं मी हेच शिकवते आहे, आणि मला ते इतकं सरळ कधी सांगता आलेलं नाही. तसं मी त्यांना म्हणणार होते, पण काकूंनी फोन घेतला.

‘‘तुमी येतो म्हनला असता तर बाग वाचली असती.’’

मी हो म्हटलं.

‘‘आन मंग तुमी दर साली सांगत बसला असता, आन आमी दर साली ऐकत बसलो असतो.’’

मला रडू येत होतं आणि या वेळी त्याला कोट जबाबदार नव्हता.

‘‘झाडं उपटायला मानसं लावलीत,’’ काकू म्हणाल्या. ‘‘त्यांच्या भाकरी न्यायच्यात रानात. ठेवते आता, ताई.’’